तंबू कोणाचे, आणि परवाना कोणाच्या नावाचा?

(कागल पंचतारांकित एमआयडीसीतील हितचिंतकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पहिली पाळी संपवून थेट इथे आलेले बरेच जण दिसतायत. डबा खाल्ला की नाही कोण जाणे. त्यामुळे मुद्द्यालाच येते. अकोल्याच्या वाड्यांमध्ये मी ‘कागल पंचतारांकितला निघाले’ असं सांगते तेव्हा बायकांना वाटतं, ताई हॉटेलात चालल्या. ही कारखान्यांची वसाहत आहे हे पटवता पटवता माझी एसटी सुटायची वेळ येते. आज मात्र विषय खरोखरच पाहुण्यांच्या राहण्या-जेवण्याचा आहे.

तुमच्यापैकी काही मित्रांनी पदरचे पैसे घालून दहा तंबूंची रक्कम जमवली आहे. भंडारदऱ्याच्या अंगाला एका आदिवासी कुटुंबाच्या जमिनीवर ते लावायचे, 31 डिसेंबरच्या गर्दीला पाहुणे उतरवायचे, आणि त्या घराला मजुरीसाठी नारायणगावची वाट धरावी लागू नये, असा विचार. विचार उत्तम आहे. तरी मी आज सांगायला आले आहे की तंबू एवढ्यात घेऊ नका. का, ते नीट सांगते, कारण ‘थांबा’ म्हणणाऱ्याने कारण द्यायला हवं.

आधी तिथलं चित्र. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर 1926 साली पुरं झालेलं विल्सन धरण आहे. त्याच्या पाण्याभोवती महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. भात, नागली, वरई एवढंच पीक, आणि तेही पावसावर. जमिनीचा तुकडा लहान, उताराचा. पण मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर, तिथली झाडं काजव्यांनी लखलखतात, आणि ते पाहायला मुंबई, पुणे, नाशिकच्या गाड्यांची रांग लागते. पाऊस सुरू झाला की धबधबे, थंडीत कळसूबाई आणि रतनगड. ह्या लोकांना रात्री राहायला जागा हवी असते, आणि आजकाल त्यांना खोलीपेक्षा तंबू आवडतो. आत पलंग, गादी, दिवा, जवळ स्वच्छ संडास-बाथरूम असलेल्या तंबूला शहरात ग्लॅम्पिंग म्हणतात. ऐटीतला तंबू म्हणा.

आता हे तंबू ज्या जमिनीवर उभे असतात ती जमीन कोणाची, आणि रात्रीचे पैसे जातात कोणाकडे? पुष्कळ ठिकाणी जमीन आदिवासी शेतकऱ्याची, तंबू शहरातल्या चालकाचा, बुकिंगचा फोनही त्याचाच. जमीनमालकाला महिन्याची ठरलेली रक्कम, त्याच्या बायकोला भाकरी भाजायचं काम, पोराला लाकडं आणून शेकोटी पेटवायचं काम. स्वतःच्या बांधावर माणूस नोकर होतो. कागद म्हणजे 11 महिन्यांचा नोटरी केलेला करार. दर 11 महिन्यांनी नवा. ज्या बाईंबद्दल मी बोलते आहे त्यांच्याकडेही असा एक करार येऊन पडला आहे. भात काढून झालं की उत्तर द्यायचं आहे.

त्या मला म्हणाल्या, ‘ताई, कागद माझ्या नावाचा होणार असेल तर मी थांबते. पण किती दिवस थांबू ते सांगा.’

हा प्रश्न घेऊन मी इथे आले आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 सालची आहे. तिच्यात 1974 साली कलम 36 अ घातलं गेलं. सोप्या भाषेत त्याचा अर्थ असा, की आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा किंवा दुसऱ्या कुठल्याही मार्गाने परवानगीशिवाय जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची आधी मंजुरी लागते. त्याहून पुढचं काही असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना राज्य शासनाची मान्यता घ्यावी लागते. म्हणजे ‘फक्त 11 महिन्यांचं आहे, त्याला काही लागत नाही’ हे जे सांगितलं जातं ते शहरातल्या भाड्याच्या फ्लॅटवरून उचललेलं आहे. आदिवासीच्या शेतजमिनीला ते लागू नाही. असा व्यवहार झाला तर जमीनमालक स्वतः जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो, आणि जिल्हाधिकारी आपणहूनही चौकशी लावू शकतात.

अलीकडे, 2025 च्या सप्टेंबरात, आदिवासी शेतकऱ्यांना जमीन खाजगी लोकांना भाडेपट्ट्याने देणं सोपं करण्याची घोषणा महसूलमंत्र्यांनी केली. काहींना त्यात उत्पन्नाची वाट दिसली, आदिवासी संघटनांनी विरोध केला. माझं मत विचाराल तर भाडं किती मिळेल ही पुढची गोष्ट आहे. करार कोणत्या भाषेत लिहिला, वाचून कोणी दाखवला, आणि सही करताना घरातली बाई तिथे होती का, हे मी आधी विचारते.

इथे एक गोष्ट आपल्या घरातली. मागच्या सभेत एका वडीलधाऱ्या बंधूंनी सुचवलं, की मिशननेच ती जमीन 30 वर्षांच्या कराराने घ्यावी, तंबू लावावेत, मंडळीच्या युवकांची शिबिरं तिथे व्हावीत आणि त्या कुटुंबाला पगार द्यावा. सूचना प्रेमाने केलेली होती. पण कायद्याच्या नजरेत मिशन ही संस्था बिगर-आदिवासीच आहे. आपला हेतू चांगला आहे असा रकाना सातबाऱ्यावर नसतो. शहरातल्या चालकाला जे दार बंद आहे ते आपल्यालाही बंद आहे, आणि ते तसं असावं हेच बरं.

पवित्र शास्त्रात पहिल्या राजांच्या पुस्तकात नाबोथाच्या द्राक्षमळ्याची हकिकत आहे, ती तुम्हाला पाठ असेल. आपण ती बहुधा लोभाची गोष्ट म्हणून सांगतो. पण पुन्हा वाचून पाहा. अहाब राजाने आधी रीतसर व्यवहारच मांडला होता. बदल्यात याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो. नाबोथ नाही म्हणाला, कारण ते वाडवडिलांचं वतन होतं. पुढे ईजबेलीने जे केलं त्यात आधी आली ती पत्रं. राजाच्या नावाने लिहिलेली, राजाची मोहर लावलेली. वरवर पाहता सगळं कागदोपत्री. म्हणून आदिवासी भागात काम करणाऱ्या माणसाने कागद वाचायला शिकलं पाहिजे असं मला वाटतं. मी धर्मशास्त्राची पदविका घेतली, सातबारा वाचायला मात्र मला एका निवृत्त तलाठ्यांनी शिकवलं. दोन्हीचा उपयोग होतो.

तर मग वाट एकच राहते. तंबूंचा व्यवसाय त्या बाईंच्या आणि त्यांच्या घराच्याच नावाने उभा करायचा. त्याला काय काय लागतं ते सांगते. ऐकायला रूक्ष वाटेल, पण तुमचे पैसे यातच लागणार आहेत.

पहिली गोष्ट सातबारा. त्यावर नाव कोणाचं, वर्ग एक की वर्ग दोन, इतर अधिकारात काय लिहिलं आहे. आपल्या या प्रकरणात जमीन सामाईक आहे. नवरा, दीर आणि लग्न होऊन गेलेली नणंद, तिघांची नावं. दिराची संमती घरात मिळाली. नणंद कामासाठी बाहेरगावी असते, ती गणपतीला आली तेव्हा तिने संमतिपत्रावर सही केली. सही करताना तिने विचारलं, ‘माझा हिस्सा गेला नाही ना?’ नाही गेला, हे मी तिला दोनदा वाचून दाखवलं.

जमीन कोणत्या प्रकारची हेही पाहायचं. वनहक्काचा पट्टा असेल तर गोष्ट वेगळी. 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसाने पुढे जाते, पण ती विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही, आणि तिला खाजगी मालकीची जमीन समजून चालत नाही. धरणाच्या काठाची आणखी एक अडचण. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की जी सपाट, सुंदर जागा उघडी पडते, जिथे तंबूचा फोटो सगळ्यात छान येतो, ती जागा धरणासाठी संपादित झालेली, सरकारी असते. शेतकरी तिथे पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारतो म्हणून त्याला ती आपली वाटते. हद्द कुठे संपते हे भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी झाल्याशिवाय कळत नाही. म्हणून तंबूंच्या आधी मोजणी. अर्ज भरला आहे, पैसे भरले आहेत, तारखेची वाट पाहतोय.

दुसरी गोष्ट जमिनीचा वापर. तंबू काय, संध्याकाळी लावला आणि सकाळी काढला, त्याला कसली परवानगी, असं म्हणणारे खूप भेटतात. महसूल कायद्याचा मूळ विचार मात्र वापराचा आहे. शेतजमिनीवर शेती सोडून दुसरा धंदा चालला तर तिथे भिंत आहे की कापड हा प्रश्न नंतरचा. अकृषिक वापराचे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलत आले आहेत. त्यामुळे चहाच्या टपरीवर मिळालेल्या सल्ल्यावर न जाता तहसीलदारांकडे लेखी अर्ज करायचा, पोच घ्यायची आणि लेखी उत्तर मागायचं. पोच हा शब्द मी अधोरेखित करते. एका कार्यालयात आमचा अर्ज दोनदा सापडेना. तिसऱ्यांदा पोच दाखवली तेव्हा सापडला.

तिसरी गोष्ट नोंदणीची, आणि इथे थोडी चांगली बातमी आहे. महाराष्ट्र शासनाचं कृषी पर्यटन धोरण 2020 साली आलं. शेतकऱ्याने स्वतःच्या किमान एक एकर शेतजमिनीवर पाहुणे ठेवले तर पर्यटन संचालनालयाकडे कृषी पर्यटन केंद्र म्हणून नोंदणी करता येते. नोंदणीचं शुल्क 2,500 रुपये, दर पाच वर्षांनी नूतनीकरण 1,000 रुपये. रक्कम त्या कुटुंबाच्या आवाक्यातली आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे प्रमाणपत्र शेतकऱ्याच्या नावाने मिळतं. शिवाय 2023 मध्ये महिलांसाठी ‘आई’ नावाचं पर्यटन धोरण आलं आहे. त्यात महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत शासन भरतं. कर्ज काढावं असं मी आज म्हणत नाही. चार तंबूंना त्याची गरज नाही. पण दार आहे हे माहीत असावं.

मग ग्रामसभा. हा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे पेसा कायदा आहे. जमीन समाजाबाहेर जाऊ न देण्याचा आणि दारूवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. वाडीच्या सभेत यावर दोन तास चर्चा झाली, आणि मला ती चर्चा फार आवडली. म्हातारी माणसं काजव्यांबद्दल बोलली. गाड्यांचे दिवे आणि स्पीकर यांनी काजवे पांगतात, झाडाखाली माणसं तुडवत फिरली की पुढच्या वर्षी तिथे कमी दिसतात, असं त्यांचं म्हणणं. एका तरुणाने विचारलं, मग आम्ही कमवायचं कधी? शेवटी ठराव झाला तो असा: तंबू चारच, रात्री दहानंतर स्पीकर बंद, दारू नाही, गाड्या रस्त्यालाच थांबणार. तुमचे दहा तंबू ग्रामसभेने चारवर आणले आहेत, हे मी आधी सांगायला हवं होतं की नंतर, याचा विचार येताना गाडीत करत होते. आता सांगितलं.

बाकीचं भराभर सांगते. जेवण देणार तर अन्न नोंदणी लागते, छोट्या व्यवसायाला तिचं वर्षाचं शुल्क 100 रुपये आहे. पाहुण्यांची वही आणि ओळखपत्रं ठेवायची, पोलीस ठाण्याला कळवायचं, परदेशी पाहुणा आला तर 24 तासांत त्याची माहिती कळवायची. बोट, झिपलाइन असं काही ठेवलं तर साहसी पर्यटनाची वेगळी नोंदणी आहे. ते आपण ठेवणारच नाही. आणि वीज. शेतीपंपाच्या जोडणीवरून तंबूचे दिवे लावले तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. इथे बसलेल्या देखभाल विभागातल्या मंडळींना हे मी शिकवायला नको.

आता जरा आपल्या या वसाहतीकडे बघा. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली. तिथला नियम असा, की प्लॉट घेतला की रस्ता, पाणी, नकाशा मंजुरी, बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला, सगळं एकाच दारात. एमआयडीसी स्वतःच नियोजन प्राधिकरण आहे. कोट्यवधींचा कारखाना टाकणाऱ्याला एक दार, आणि चार तंबू लावणाऱ्या बाईला तलाठी, तहसील, भूमी अभिलेख, ग्रामपंचायत, पर्यटन, अन्न, पोलीस, महावितरण. कारखान्यांची सोय काढून घ्या असं मी म्हणत नाही, त्यावरच तुमची-आमची चूल पेटते. पण लहान धंद्यासाठी लहान दार आपल्याकडे नीट बनलेलंच नाही. इंग्लंडमध्ये 2023 पासून नियम आहे, की खाजगी जमिनीवर वर्षातून 60 दिवस, 50 पर्यंत तंबू, वेगळ्या नियोजन परवानगीशिवाय लावता येतात. तिथेही स्थानिक कौन्सिलला आधी कळवावं लागतं आणि संडास, कचऱ्याची सोय सांगावी लागते. आपल्याकडे कृषी पर्यटनाची नोंदणी हेच सध्या त्याच्या जवळ जाणारं दार आहे.

तुम्ही म्हणाल, इतके तंबू बिनपरवाना चालतात, कोण विचारतंय? कोणी विचारत नाही, काही घडेपर्यंत. केरळमधल्या वायनाडला मेप्पाडीजवळ 2021 च्या जानेवारीत तंबूत उतरलेल्या एका तरुण शिक्षिकेचा रानहत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्यानंतर तिथल्या तंबूंना परवाने होते का याची चौकशी सुरू झाली आणि तंबू बंद करण्याचे आदेश निघाले. आपल्या जिल्ह्यातलंच बघायचं तर राधानगरी आहे. गवा पाहायला आणि काजव्यांना तुमच्यातले किती जण दरवर्षी जातात! 2020 साली राधानगरी अभयारण्याभोवती इको सेन्सिटिव्ह झोन जाहीर झाला. अशा झोनमध्ये अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत, किंवा झोन त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंत, नवं व्यापारी हॉटेल किंवा रिसॉर्ट चालत नाही. अपवाद आहे तो निसर्ग पर्यटनासाठीच्या लहान, तात्पुरत्या बांधकामांचा. हा अपवाद गावातल्या लहान माणसाच्या उपयोगाचा आहे. मोठ्या माणसाने 40 तंबू लावून त्यालाच ‘तात्पुरतं’ म्हटलं की अपवादावरच बंदी येते, आणि मरतो तो चार तंबूवाला. म्हणून पुढच्या वेळी राधानगरीला मुक्काम करताना मालकाला नोंदणीचं प्रमाणपत्र विचारा. जमीन कोणाची हेही विचारा. पाहुण्याने विचारलं की मालक लवकर हलतो, असा माझा अनुभव आहे.

आता पैशांचं. जमलेल्या रकमेतून मी तीन गोष्टींना परवानगी मागते आहे. दोन पक्के संडास आणि शोषखड्डा, कारण त्याशिवाय ग्रामपंचायत ना हरकत देणार नाही आणि तिने देऊही नये. झऱ्यावरून घराजवळ पाण्याची टाकी. आणि त्या घराला या हिवाळ्यात आगाऊ मदत, म्हणजे कागद होईपर्यंत त्या बाईंना तो 11 महिन्यांचा करार घ्यावा लागू नये. ही तिसरी गोष्ट काहींना खटकेल. धंदा सुरू व्हायच्या आधीच पैसे कसे द्यायचे? पण थांबायला सांगणाऱ्याने थांबण्याचा खर्च उचलावा लागतो. ही मदत रोजगाराच्या रूपात द्यायचं ठरलं आहे. खड्डा, पाण्याची चर, दगडी ओटे हे काम तेच कुटुंब करील आणि त्याची मजुरी घेईल. हिशेब तिमाहीला याच पत्रकात छापू. उरलेली रक्कम चार तंबूंसाठी बँकेत तशीच राहील.

सभेआधी एका भगिनीने मला बाजूला घेऊन विचारलं, की 31 डिसेंबर तर गेलाच, मग हे सगळं कधी? मोजणी दिवाळीनंतर झाली, तहसीलचं उत्तर आलं आणि पर्यटन नोंदणी वेळेत झाली, तर आमचं लक्ष्य मे महिन्याचं आहे, काजव्यांच्या आधीचं. एखादं टेबल अडलं तर पुढची थंडी. मी त्या बाईंनाही हेच सांगितलं आहे, दोन्ही तारखा सांगितल्या आहेत. त्यांनी कराराचा कागद अजून परत केलेला नाही, पण सहीही केलेली नाही. तो डब्यात, रेशनकार्डाखाली ठेवला आहे.

मला तुमच्याकडून पैशांखेरीज दोन माणसं हवी आहेत. एक विजेचं काम जाणणारा, जो दोन दिवस येऊन चार तंबू, स्वयंपाकघर आणि संडास यांचा भार काढून देईल आणि नव्या जोडणीचा अर्ज भरून देईल. दुसरा फॅब्रिकेशनमधला, कारण उतारावर तंबू ठेवायला ओटा दगडाचा करायचा की सुटा करता येणारा लोखंडी सांगाडा घ्यायचा, यावर वाडीत एकमत नाही. एसटीने कोल्हापूरहून संगमनेर, तिथून अकोले, राजूर. शेवटचे काही किलोमीटर जीप मिळाली तर जीप. राहायची सोय त्यांच्याच घरात होईल, नागलीची भाकरी आणि हुलग्याचं कालवण मिळेल. ज्यांना जमेल त्यांनी चहाच्या वेळी आपलं नाव पाळकसाहेबांकडे लिहून द्यावं.